जीर्णोद्धार

वेरूळला राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची टंचाई कधी पडत नाही. एक दगड आणि दुसरे पाहुणे. पाहुणे दगड पाहायला येतात, दिवसभर पाहतात आणि संध्याकाळी दुखरे पाय आमच्या बैठकीत पसरून म्हणतात, "जरा टीव्ही लावा हो." इथपर्यंत सगळे ठीक असते. पण टीव्ही लागला की त्यांचा चेहरा बदलतो. सकाळी साडेबाराशे वर्षांच्या कैलासापुढे तोंडाचा आ करून उभा राहिलेला हाच माणूस आमच्या तिशीला आलेल्या टीव्हीपुढे म्हणतो, "अजून हाच का?"

जुनेपणाचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. वस्तू हजार वर्षे टिकली तर तिला वारसा म्हणतात, शंभर वर्षे टिकली तर वाडा म्हणतात आणि तीस वर्षे टिकली तर भंगार म्हणतात. म्हणजे मधली सत्तर वर्षे कशीबशी निभावून नेली की आमच्या टीव्हीलाही मान मिळायला हरकत नव्हती. पण तेवढी वाट पाहायला घरात कुणी तयार नव्हते.

संचाचे नाव मी सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारी सांगताना त्याचे गोत्र सांगू नये. १९९६च्या विश्वचषकाच्या आधी आलेला हा एकवीस इंची रंगीत टीव्ही. पुढून दिसतो त्याच्या दुप्पट मागे वाढलेला. आता त्याची पिक्चर ट्यूब थकली होती. बातम्या देणारी बाई हिरवी दिसायची, मंत्र्यांचे चेहरे दुधी भोपळ्यासारखे लांबायचे. अर्थात मंत्र्यांच्या बाबतीत दोष ट्यूबचाच होता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याचा स्वतःचा स्पीकर फार पूर्वीच फाटला होता. म्हणून आवाज जायचा तो शेजारच्या अँप्लिफायरमध्ये. हा अँप्लिफायर म्हणजे १९८८ साली औरंगाबादच्या एका मेकॅनिककडून जुळवून घेतलेला सागवानी डबा. त्याला दोन लाकडी स्पीकर आणि पुढे तीन मोठे कान : आवाज, बेस आणि ट्रेबल. आवाजाचा कान पिळला की आधी खरखर यायची आणि मग माणूस बोलू लागायचा. घसा खाकरून बोलणारे हे आमच्या घरातले एकमेव सभ्य यंत्र.

या दोघांचे काय करायचे, यावर घरात तीन पक्ष पडले. पुण्याचे चिरंजीव म्हणजे नवमतवादी. "बाबा, तुम्ही नुसतं हो म्हणा, मी त्रेचाळीस इंची पाठवतो. सगळं एका रिमोटवर." सौ.चे मत धुळीच्या अंगाने होते. टीव्हीच्या मागच्या कुबडावर किती धूळ बसते हे ती पुसते म्हणून तिला ठाऊक होते. भिंतीला टांगायचा टीव्ही तिला धुळीच्या दृष्टीनेच पसंत होता. तिसरा पक्ष माझा, म्हणजे तटस्थ. घरातला तटस्थ पक्ष म्हणजे ज्याच्या खिशातून पैसे जायचे असतात तो.

आईला कुणी विचारलेच नव्हते. ती पंच्याऐंशीची. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तरी नजर अधूच. त्यामुळे टीव्ही ती पाहत नाही, ऐकते. संध्याकाळी सातच्या आत देवाजवळ दिवा लावायचा, भिंतीवरचे बटण खाली करायचे, अँप्लिफायरचा कान पिळायचा आणि सह्याद्रीवरच्या बातम्या ऐकायच्या. हा तिचा नेम. बातम्या संपल्या की कान उलटा पिळायचा, बटण वर करायचे. अशा माणसाला चित्र हिरवे दिसते की पिवळे याने काय फरक पडणार, म्हणून विचारले नाही. एवढाच आमचा विचार.

आधी दुरुस्तीवाल्याला बोलावले. खुलताबादचे हे चाचा आमच्या पंचक्रोशीतल्या यंत्रांचे वैद्य. त्यांनी मागचे झाकण उघडले, आत फुंकर मारली आणि नाडी न पाहताच निदान सांगितले : "साब, टूब कू उमर हो गई. कायकू पैसे डालरे इसमें? नवी टूब अब कोई बनाताच नई." मग अँप्लिफायरवर टिचकी मारून म्हणाले, "ये डब्बा मात्र जिंदा है. इसकू हात नको लगाव."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निर्णय घ्यायची वेळ आली की इतिहासाच्या मास्तरला मागे वळून पाहायची खोड असते. त्यामुळे त्याचे पुढचे चुकत असेलही, पण मागचे पक्के असते. मी टीव्हीकडे पाहत बसलो आणि मागे गेलो.

मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा आमचा मुलूख निजामाचा. निजाम सरकारनेही पुढे हैदराबादचे रेडिओ केंद्र हाती घेतले आणि औरंगाबादलाही एक केंद्र चालवले. १९५० साली ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत आली. पण केंद्र असणे वेगळे आणि घरात रेडिओ असणे वेगळे. आईच्या माहेरच्या गावात एकच रेडिओ होता, बॅटरीवरचा, गावातल्या बड्या वाड्यातला. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या त्या चार-पाच दिवसांत, वाड्याची दारे लावून पुरुषमंडळी त्याला कान लावून बसत आणि पोरांना पहाऱ्याला बसवत. आई तेव्हा आठ वर्षांची. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि मराठवाडा मोकळा झाला. ती बातमी तिला कशी कळली, तर दार उघडून बाहेर आलेले वडील रडत होते त्यावरून. "रेडिओ ऐकला का गं तू?" असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "आम्हाला कोण ऐकू देतंय? बायामाणसं माजघरात. आम्हाला नुसती खरखर ऐकू यायची."

लग्न होऊन ती वेरूळला आली. पुढे वडिलांनी व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. त्या काळी रेडिओला लायसन लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. वडिलांनी ते लायसनचे पुस्तक सातबारापेक्षा जपून ठेवले होते. (ही पद्धत १९८५ साली बंद झाली, वडिलांना त्यानंतरही दोन-तीन वर्षे रेडिओ लावताना आपण गुन्हा करतो आहोत असे वाटे.) बैठकीतल्या उंच फळीवर रेडिओ, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि त्याचे कान पिळण्याचा अधिकार एकट्या वडिलांना. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. आम्ही पोरे फळीखाली, वडील खुर्चीत आणि आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणे घेऊन. तिच्या आवडीचे गाणे लागले आणि वडिलांना आवाज मोठा वाटला की ते कान पिळून लहान करत. तिने कधी "राहू द्या" म्हटल्याचे मला आठवत नाही.

मग टीव्ही. दिल्लीत तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी आला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण मुंबईचे चित्र घाट चढून वेरुळापर्यंत येणे शक्य नव्हते. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंग आला, १९८४ साली गावोगावी प्रक्षेपकांचा सपाटा सुरू झाला, आणि १९८५ साली आमच्या घरी काळा-पांढरा टीव्ही आला. चार पायांवर उभा, पुढे सरकते लाकडी दार आणि दाराला कुलूप. देव्हाऱ्याला कधी आम्ही कुलूप लावले नव्हते.

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामायण सुरू झाले आणि आमच्या घराचे देऊळ झाले. दारात चपला मोजल्या तर साठ-सत्तर जोड भरत. कुणी पडद्याला हार घाले, कुणी नारळ फोडायला निघे. वेरुळात माकडांना तोटा नाही. एका रविवारी हनुमान समुद्रावरून उड्डाण करायला आणि त्याचा एक वंशज आमच्या अँटेनावर बसायला एकच गाठ पडली. चित्र गेले. गल्ली हळहळली. काठी घेऊन वर जायला एकही माणूस तयार होईना. "आज त्याला कसं हाकलायचं?" असा पेच पडला. शेवटी केळे दाखवून त्याला खाली बोलावले, तोवर लंका आली होती.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातच, पैठण रस्त्यावर चितेगावला, व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही बनू लागले. आतापर्यंत औरंगाबादचे नाव हिमरू शालीसाठी आणि बीबी का मकबऱ्यासाठी घेतले जायचे, ते आता टीव्हीच्या जाहिरातीसाठीही घेतले जाऊ लागले. गावोगावची पोरे तिथे कामाला लागली. २०१८ साली ती कंपनीही दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. टीव्ही म्हातारा होतो, तसा टीव्हीचा कारखानाही.

या सगळ्या इतिहासातून मला एक नियम सापडला. नवे यंत्र घरात आले की ते बैठकीत बसते आणि जुन्याची बदली स्वयंपाकघरात होते. टीव्ही आला त्या दिवशी रेडिओ फळीवरून उतरून पिठाच्या डब्याशेजारी गेला. त्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रेडिओचा कान पहिल्यांदा आईच्या हाती आला. पुढे रेडिओ गेला. वडीलही गेले. पोरे पांगली, आणि बैठकीतला टीव्ही नि डबा जुने झाल्यावर तेही तिच्या वाट्याला आले. जुनी झालेली वस्तूच तिच्या मालकीची झाली. हा नियम मला सापडला खरा. पण त्याचा अर्थ कळायला अजून अवकाश होता. इतिहासाच्या मास्तरांचे हे असेच होते. सनावळी तोंडपाठ असते, अर्थ मागाहून येतो.

दिवाळीत चिरंजीव त्रेचाळीस इंची घेऊन आले. भिंतीला भोके पडली. म्हातारा टीव्ही पडवीत गेला. अँप्लिफायरची वायर काढली, कारण नव्याला त्याचा स्वतःचा आवाज होता. चिरंजीवांनी आजीला रिमोट समजावून सांगितला : "आजी, हे दाबायचं, मग घराचं चित्र येतं, मग उजवीकडे दोनदा, मग मधलं." आजी "हौ, हौ" म्हणाली. ती हौ म्हणते तेव्हा तिला कळलेले असतेच असे नाही. सांगणारा दमला आहे एवढे तिला कळलेले असते. चिरंजीव पुण्याला गेले.

पुढच्या मंगळवारी नागपूरचे साडू आले. मंगळवारी लेणी बंद असतात, हे पन्नास वर्षे सांगूनही आमच्या पाहुण्यांना मंगळवारच सोयीचा असतो. म्हणून त्यांना खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला नेले. यायला साडेआठ झाले. दार उघडले तर बैठकीत अंधार. आई टीव्हीसमोर पाटावर बसलेली. टीव्ही काळा.

"आई, बातम्या नाही लावल्यास?"

"नव्हत्या लावायच्या. डोळे दुखायलेत."

मी दिवा लावला. तिचा हात पदराखाली होता. पदराखाली रिमोट होता. उलटा.

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. साडूंनी मात्र नवा टीव्ही पाहून "वा!" म्हटले. या घरात टीव्हीला मिळालेली ती पहिली वाहवा. मला ती गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी साडूंना घेऊन लेण्यांत गेलो. सोळाव्या लेण्यात, कैलासात, नेहमीचे भाषण केले : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवे शतक, वरून खाली कोरत आणलेले अख्खे देऊळ, अंदाजे दोन लाख टन दगड काढून टाकलेला. एका ताम्रपटात या देवळाचे असे वर्णन आहे की, ते बांधणारा स्थपतीही पुढे थक्क झाला, हे आपण केले तरी कसे! साडू म्हणाले, "म्हणजे यात बदल करायचा म्हटला तर?" मी म्हटले, "काढता येईल, घालता येणार नाही." त्यांना तो विनोद वाटला. पंधराव्या लेण्याविषयी सांगितले, की ते मुळात बौद्धांचा विहार म्हणून सुरू झाले असावे आणि मग त्याचे शैव देऊळ झाले असे अभ्यासक म्हणतात. म्हणजे जागा तीच, भाडेकरू नवे. असे करत करत दहाव्यात आलो.

दहावे लेणे म्हणजे विश्वकर्मा. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात. सातव्या शतकाच्या आसपासचे हे चैत्यगृह. समोर स्तूप, स्तूपापुढे बसलेले बुद्ध, आणि वर कमानदार छत. त्या छताला एकाला लागून एक अशा वळवलेल्या तुळया. लाकडी चैत्यगृहात छत पेलायला अशाच तुळया लागत. पण इथे सगळा अखंड डोंगर. डोंगराला तुळयांची गरज नाही. त्या काहीच पेलत नाहीत. मी गेली चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना हे सांगत आलो होतो : "मुलांनो, ही लाकडाची नक्कल आहे." आणि सांगताना त्या कारागिरांची थोडी कीवही करत आलो होतो. नवा दगड हाती आला तरी यांची सुतारकी सुटेना!

एका वाटाड्याने पर्यटकांना आवाजाची मौज दाखवायला लांब सूर लावला. ते छत घुमले. सूर थांबल्यावरही बराच वेळ आवाज तुळयातुळयांतून फिरत राहिला. आणि मला एकदम वाटले, यात कीव करण्यासारखे काय आहे? पिढ्यान्‌पिढ्या लाकडी छताखाली बसून प्रार्थना केलेला एखादा म्हातारा भिक्षू इथे पहिल्यांदा आला असेल. त्याने वर पाहिले असेल. वर ओळखीच्या तुळया दिसल्या असतील. एवढ्यासाठी त्या कोरल्या असतील तर? डोंगराला गरज नसेल. त्या म्हाताऱ्याला होती.

परतताना घृष्णेश्वराला थांबलो. हे आमचे ज्योतिर्लिंग. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे भोसले याच वेरूळचे. त्यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात होळकरांनी केला. आजचे देऊळ त्यांचे. भिंती बदलल्या, शिखर बदलले, पण गाभाऱ्यात जाणाऱ्याला कुणी नवी पूजा शिकवली नाही. वरून तांब्याने पाणी घालायचे, ते तसेच राहिले. जीर्णोद्धार या शब्दातला उद्धार जीर्णाचा असतो, हे मी आजवर नीट वाचलेच नव्हते.

घरी आल्यावर चाचांना फोन केला. ते आले. मी म्हटले, "चाचा, मला असं पाहिजे की भिंतीवरचं बटण खाली केलं की टीव्ही लागला पाहिजे, सह्याद्रीच लागलं पाहिजे, आणि आवाज त्या डब्यातून आला पाहिजे."

चाचा हसले. "साब, नवा टीवी लेके उसकू जुना बनाते क्या?"

"हौ," मी म्हटले.

त्यांनी मांडी घालून रिमोट हाती घेतला. टीव्हीच्या पोटात कुठेतरी खोल एक कलम असते : वीज आली की झोपून राहायचे की उठून बसायचे. आमचा टीव्ही झोपून राहणाऱ्यांपैकी होता. चाचांनी त्याला उठून बसायला सांगितले. शेवटी जे लागलेले असेल तेच पुन्हा दाखवायचे, हे दुसरे कलम. सेट टॉप बॉक्स सह्याद्रीवर ठेवून दिला. टीव्हीच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून डब्याला जोडली. डब्याचे दोन कंडेन्सर बदलले, आवाजाचा कान उघडून साफ केला. तेवढ्यात मी घाईने म्हटले, "खरखर पूर्ण घालवू नका." चाचांनी माझ्याकडे असे पाहिले की, टूब कुणाची गेली आहे याबद्दल त्यांना शंका आली असावी. एकूण खर्च साडेचारशे रुपये. टीव्हीला लागलेले हजार वेगळे. ते चिरंजीवांच्या पक्षनिधीतून.

सात वाजायला पाच मिनिटे होती. आईने दिवा लावला. बैठकीत आली. सवयीने हात भिंतीकडे गेला, मग थबकला. "लाव," मी म्हटले. तिने बटण खाली केले. भिंतीवर भलेमोठे चित्र आले. तिने डब्याकडे वाकून कान पिळला. आधी थोडी खरखर आली आणि मग बातम्या देणारी बाई बोलू लागली. हिरवी नव्हे, चांगली गव्हाळ.

साडू म्हणाले, "आवाज अजून त्या डबड्यातूनच का हो?" मी काही उत्तर देणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "त्येला काय झालं? चांगला बोलायलाय की."

बातम्या सुरू झाल्या. पहिली बातमी कुठल्याशा पुढाऱ्याच्या भाषणाची होती. पुढारी घसा ताणून ओरडत होता. चेहरा लांबटच होता. म्हणजे ट्यूबवर मी इतकी वर्षे अन्यायच केला होता. आई दोन मिनिटे ऐकत राहिली. मग कुणालाही न विचारता तिने हात पुढे केला आणि त्याचा आवाज लहान केला.